दोनशे खुर्च्यांचा 'समूहोपचार'

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात व्यसनमुक्तीच्या एका शिबिराची बातमी वाचली. मथळा होता, 'दोनशे जणांना समूहोपचार'. सोबतच्या फोटोत मंचावर शाल-श्रीफळ, माइकपुढे वक्ते आणि खाली ओळीने मांडलेल्या खुर्च्या. ते व्याख्यान होते. उत्तमही झाले असेल, पण त्याला समूहोपचार म्हणू नये. सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात एकतीस वर्षे काढली आहेत, म्हणून हे लिहायचे धाडस करते.

समूहोपचार म्हणजे सारख्याच अडचणीतल्या माणसांनी एकत्र बसून, बोलून सावरणे. त्याच्या गटात माणसे आठ-दहाच असतात. ती गोल बसतात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. वार ठरलेला, वेळ ठरलेली, दार लावलेले. बोलायचे त्यांनी, गट चालवणाऱ्याने जमेल तितके गप्प बसायचे. यातले हे शेवटचे मला सर्वांत अवघड गेले.

दारू पिणाऱ्यांच्या बायकांचा गट मी सुरू केला, तेव्हा पहिल्या बुधवारी यकृताचा तक्ता टांगून पाऊण तास बोलले. शेवटी 'काही शंका?' म्हटल्यावर एकीने विचारले, "बाई, चारची एसटी हाय, जाऊ का?" पुढच्या बुधवारी नऊजणींपैकी तिघी आल्या. मी हिरमुसले होते, तक्ता आणलाच नव्हता. बराच वेळ कुणीच बोलेना. मग एकजण म्हणाली, पैसे डाळीच्या डब्यात लपवले तर नवरा डाळ परातीत ओतून शोधतो. दुसरी म्हणाली, "आमचा तर चुलीतली राख चाळतो." दोघी इतक्या हसल्या की बाहेरून सिस्टर डोकावल्या. तिसरी मात्र रडायला लागली. घरातले हे तिने माहेरीसुद्धा सांगितले नव्हते. "मला वाटायचं, माझ्याच नशिबी आलंय." अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी गटात माणूस कशाकशाने सावरतो याचे अकरा घटक सांगितले आहेत, त्यात 'हे माझ्या एकट्याचे नाही' हे उमगणे येते. पुस्तकात मी ते वाचलेले होते. पण राखेच्या गोष्टीने जे झाले, ते माझ्या तक्त्याने कधी झाले नसते.

गंमत अशी, की समूहोपचाराचा उगमही शिकवण्यातूनच झाला. १९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरुग्णांचा वर्ग भरवला. हवा, विश्रांती, आहार, थुंकीची काळजी हे एकेकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदम सांगावे, एवढाच हेतू. पण वजन वाढलेला रुग्ण पुढे आला की नव्याला धीर येतो, हे त्यांच्या लक्षात आले. १९३५ मध्ये अमेरिकेतल्याच अक्रनला दोन मद्यपी एकमेकांना सावरायला बसले, त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही मद्यपींनीच मद्यपींसाठी चालवलेली संघटना उभी राहिली. आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात तर व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक झाली.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना गटकार्याची तीन प्रारूपे शिकवतात: सामाजिक उद्दिष्टांचे, उपचारात्मक आणि परस्परतेचे. पॅपेल आणि रॉथमन या दोन अमेरिकी बायकांनी १९६६ मध्ये केलेली ही मांडणी. परीक्षेत ती तीन वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहायची असतात, प्रत्यक्ष गटात मात्र तशी वेगळी राहत नाहीत. माझा गट उपचारात्मक म्हणून सुरू झाला, म्हणजे मी जाणकार आणि त्या रुग्णांच्या नातेवाईक. दोन-तीन महिन्यांत त्या एकमेकींनाच सल्ले देऊ लागल्या, म्हणजे गट परस्परतेचा झाला, आणि माझे काम, कुणाचे बोलणे राहिले असेल तर 'हिचं ऐकू या' म्हणण्यापुरते उरले. पुढे त्यांच्यातल्या दोघी गावात आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचे दुकान बंद करण्याच्या मतदानासाठी, घरोघर सह्या मागत फिरल्या, म्हणजे गट सामाजिक उद्दिष्टांचाही झाला. हे मी सुचवलेले नव्हते, आणि माझ्या वरिष्ठांना ते रुचलेही नाही.

दोनशेंच्या सभेत यातले काही होत नाही. पण अहवालात 'लाभार्थी २००' छान दिसते आणि 'बुधवारी उपस्थिती ३' म्हणजे अपयश ठरते. मलाही त्या तिघींचा आकडा वर पाठवताना लाज वाटली होती. नऊ लिहावेसे वाटले होते, खोटे कशाला बोलू.

आणखी एक, खरे तर त्यासाठीच हे पत्र. आपल्या फोटोत पुढच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे स्पष्ट दिसतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. सभागृहातल्या शिबिराला ते लागू होते का, याचा कीस वकील काढतील. गावात त्याने फरक पडत नाही. फोटो पाहून 'हिचा नवरा पितो' असे तोंडावर म्हणणारी सासू घरोघरी असते. आमच्या गटात पहिला नियम असायचा, की इथले बोलणे उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही. एकीने तो मोडला, तेव्हा गट तीन आठवडे मुका झाला होता.

छापलेला अंक परत घेता येणार नाही, हे कळते. पण आपल्या वेबसाइटवर तो फोटो आज सकाळपर्यंत होता. तेवढा काढावा.

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक
जि. सातारा

(माझे नाव छापू नये. नावावरून गट आणि गटावरून त्या बायका ओळखू येतील.)