ईस्टरनंतर मला कामाला लावणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम. तोंडावर आभार मानले तर "गप गं" म्हणून उडवून लावाल, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

यंदा लेंटमध्येच, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातच, हे गेले. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) निभला; त्या दिवशी रडलं तरी कुणी विचारत नाही. जड गेला तो ईस्टर, प्रभू येशू मेलेल्यांतून उठल्याचा सण. पहाटेच्या उपासनेत सगळे रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गीत मोकळ्या गळ्यानं गात होते आणि माझ्या डोळ्यांपुढे शिवडीच्या कबरस्तानातली ताजी माती. पुढचा रविवार त्याहून वाईट. निम्मे बाक रिकामे, आणि भेटेल तो म्हणे, "प्रभू उठला आहे, धीर धर." धीर धरून करायचं काय, ते मात्र कुणी सांगेना.

तुम्ही एक वचनसुद्धा ऐकवलं नाहीत. "शनिवारी पहाटे भायखळ्याला ये, चपात्या लाटायला हात कमी पडतायत." बस्स.

टाटा हॉस्पिटलवरून मी कितीदा गेले असेन! पण परळच्या त्या फुटपाथवर ताडपत्रीखाली गावाकडची माणसं आठवडेच्या आठवडे काढतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, हे तुमच्या पिशव्या उचलून फिरले तेव्हा दिसलं. केमोनं तोंड आलेल्यांसाठी तुम्ही बिनतिखटाची मऊ खिचडी वेगळ्या डब्यात करता आणि ती कोमट झाल्याशिवाय वाढू देत नाही. मी शुभवर्तमानाची पत्रकं वाटायची का विचारलं, तर म्हणालात, "आधी जेवलात का विचार."

योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय तुम्ही लाटता लाटताच सांगितलात. उठलेल्या प्रभूला डोळ्यांनी पाहूनही त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. (मला त्याचं फार बरं वाटलं.) रात्रभर जाळ्यात काही नाही. सकाळी प्रभू किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव करून बसलेला, वर मासळी, बाजूला भाकर: "या, न्याहारी करा." "आणि 153 मासे मोजून लिहून ठेवलेत बघ, कोळ्यांचा हिशेब पक्का!" म्हणून तुम्ही हसलात. अटकेच्या रात्री अशाच विस्तवाशी ज्या पेत्रानं तीनदा प्रभूची ओळख नाकारली, त्याला प्रभूनं जाब विचारला नाही. पोटाला घातलं, तीनदा प्रेमाचं विचारलं आणि तिन्ही वेळा कामच सोपवलं: माझी मेंढरं सांभाळ.

ईस्टर ते स्वर्गारोहण हे 40 दिवस आपण उपदेशात फार घाईनं उरकतो, असं माझं मत झालंय. त्या दिवसांत प्रभू खचलेल्या दोघांबरोबर अम्माऊस गावापर्यंत चालला, म्हणजे सुमारे 11 किलोमीटर, आपल्या सीएसएमटीहून जवळजवळ शीवपर्यंत. शिष्यांसमोर भाजलेली मासळी खाल्ली. शंका घेणाऱ्या थोमाला क्रुसावरच्या जखमा दाखवल्या. उठलेल्या शरीरावरही जखमा होत्याच, हे मला पूर्वी कधी जाणवलं नव्हतं. आता त्याचाच आधार वाटतो. ह्यांची आठवण रोज येते, येणारच. पण शनिवारची पहाट झाली की मी उठते, कारण कुणीतरी खिचडीची वाट बघत असतं.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन पेंटेकॉस्टनंतर, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारच्या सणानंतर, आहे ना? तोवर डाळ-तांदळाच्या दुकानदाराचा नंबर आणि तो मोठा टोप माझ्याकडे द्या. लोणचं मात्र तुम्हीच घालायचं. माझं कुणी खात नाही.

तुमची,
चपात्या जाड लाटणारी