रसायनशास्त्राच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक हवा

महोदय,

माझी मुलगी बीएस्सीला रसायनशास्त्र शिकते. पदार्थाचे स्फटिक करायचे, वाळवायचे, वितळणबिंदू घ्यायचा, जर्नलात 'पांढरी भुकटी' लिहायचे. तीन वर्षांत ते स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली एकदाही पाहिले नाहीत. सूक्ष्मदर्शक आहेत, पण शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या कपाटात!

गेल्या मे महिन्यात आगरवाड्याच्या मिठागरातले चिमूटभर मीठ आम्ही घरी काचपट्टीवर पाहिले. पोलरॉइडचा, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या पातळ पटलाचा, एक तुकडा काचपट्टीखाली, दुसरा वर आडवा धरला. मिठाचे चौकोनी दाणे काळोखात गेले. शेजारी ठेवलेले साखरेचे कण मात्र रंगांनी उजळले. मिठाची रचना घनाकृती, सर्व दिशांना सारखी, म्हणून त्यातून प्रकाश न बदलता जातो आणि वरचा तुकडा तो अडवतो. हे मी तिला कितीदा सांगितले होते; कळले ते त्या क्षणी.

1848 मध्ये लुई पाश्चर यांनी टार्ट्रेट या क्षाराचे, आरशातल्या प्रतिमेसारखे डावे-उजवे स्फटिक नजरेने ओळखून चिमट्याने वेगळे केले. तो धडा आपली मुले फक्त पाठ करतात.

गोवा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने पहिल्याच वर्षी असे दोन-तीन प्रयोग सक्तीचे करावेत. तोवर महाविद्यालयांनी निदान ते कपाट तरी उघडावे.

— एक पालक, पेडणे