हत्ती चौथ्या रांगेत

चि. छकुली,

आज सहाची ड्यूटी आहे. तू उठायच्या आधी निघते, म्हणून हे पत्र तुझ्या पटाच्या पिशवीत ठेवते.

कालच्या तुझ्या बुद्धिबळाच्या डावाबद्दल जेवताना मामा म्हणाला, "समोरच्यानं चूक केली म्हणून जिंकली." तू खाली मान घालून वरण-भात संपवलास. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

तुझं रेटिंग १४५०, समोरच्या खेळाडूचं १७५०. तीनशेचा फरक असला की एलोच्या, म्हणजे रेटिंगवरून अपेक्षित गुण काढायच्या, हिशेबानं शंभर डावांत तुझ्या वाट्याला पंधराच गुण. पण तेही बसून, खेळूनच मिळवावे लागतात गं. एक्केचाळिसाव्या चालीला त्यांनी बरोबरी विचारली. एवढा वरचा खेळाडू बरोबरी मागतो म्हणजे त्याला स्वतःची बाजू कच्ची वाटतेय, हे तू ओळखलंस आणि नाही म्हणालीस. त्याच वेळी मी बाहेर पालकांच्या खुर्चीत टेकडीच्या गणपतीला विनवत होते, निदान बरोबरी तरी होऊ दे. हे तुला सांगायलाच हवं.

सीताबर्डीपासून घरापर्यंत स्कूटीवर मागे बसून तू मला तो शेवट सांगितलास. पांढरं प्यादं सातव्या रांगेत, तुझा राजा त्याच्यापुढे आठव्या रांगेत कोंडलेला. बाहेर आला की त्यांचा हत्ती शह देणार. म्हणून तू आधी आपला हत्ती चौथ्या रांगेत आणलास. मग राजा शह चुकवत खाली उतरला आणि शेवटच्या शहाला तोच हत्ती आडवा घातलास. याला पूल बांधणं म्हणतात, हे मला कालच कळलं. उन्हाळाभर कूलरपुढे एकटी दोन्ही बाजू खेळायचीस आणि मी "झोप आता" म्हणायचे, ते हेच होतं तर!

प्यादं त्यांनी चुकीनं गमावलं, खरं आहे. पण एका प्याद्यावर डाव काढायला पुढे सव्वीस चाली लागल्या. आपली दिव्या देशमुख २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकात पंधराव्या मानांकनानं उतरली होती. अंतिम फेरीच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जलद डावांत, समोरच्या कोनेरू हम्पीकडूनही वेळेच्या दडपणात चुका झाल्या. तरी तो डाव दिव्याचाच.

डबा ओट्यावर आहे. संध्याकाळी मामाला पट मांडून तो पूल दाखवशील? मीही बसते शेजारी. चौथीच रांग का, ते मला अजून नीट समजलेलं नाही.

तुझी,
आई