सांडलेल्या कीटकनाशकावर आधी पाणी ओतू नका

संपादक महोदय,

कपाशीवर फवारणी सुरू झाली की मास्क, हातमोजे, चष्मा यांवर भरपूर लिहून येते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर आलेली ही जाग हवीच होती. पण औषधाची बाटली घरात फुटली, पिकअपमध्ये डबा गळला किंवा कृषी सेवा केंद्राच्या फरशीवर सांडलवंड झाली तर काय करायचे, हे फारसे कुणी सांगत नाही. मग बादलीभर पाणी ओतून खराट्याने सगळे नालीकडे लोटले जाते. त्याने विष नाहीसे होत नाही. हातभर जागेतले खोलीभर पसरते, फरशीच्या सांध्यांत मुरते आणि उरलेले ओढ्यात जाते.

मुलाबाळांना आणि जनावरांना आधी लांब न्यावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, विडी आणि चूल विझवावी. कारण बऱ्याच औषधांत पेट घेणारे द्रावक असते. हातमोजे रबराचे किंवा नायट्राइलचे घ्यावेत. सुती आणि चामडी मोजे औषध शोषून घेतात आणि ते कातडीला चिकटवून ठेवतात. मग सांडलेल्या जागेभोवती कोरड्या मातीचा बांध घालावा आणि कडेकडून आत माती टाकत यावे. चाळलेली चिकण माती किंवा मुलतानी माती उत्तम. लाकडाचा भुसाही चालतो. एक लिटर औषधाला साधारण तीन-चार किलो माती लागते. अर्ध्या तासाने ती पत्र्याने खरवडून जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरावी आणि पिशवीवर औषधाचे नाव लिहावे. पॅराक्वाट या तणनाशकाला तर मातीच लागू पडते. ते चिकण मातीच्या कणांना इतके घट्ट बसते की सहसा सुटत नाही.

धुण्याची पाळी त्यानंतरची. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो धुण्याचा सोडा आणि मूठभर कपड्यांची पावडर घालावी. खाण्याचा सोडा इथे पुरेसा पडत नाही. फरशी या पाण्याने तासभर ओली ठेवावी, ब्रशने घासावी आणि पाणी नालीत न सोडता फडक्याने किंवा मातीने टिपून घ्यावे. हेच नव्या पाण्याने आणखी दोनदा करावे. सोड्याच्या क्षाराने ऑरगॅनोफॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस असलेल्या कीटकनाशकांच्या गटातली औषधे तुटतात, पण सगळी सारख्या वेगाने नाही. प्रोफेनोफॉस लवकर तुटते, मोनोक्रोटोफॉस चिवट आहे. म्हणून खरा भरवसा घासण्यावर आणि टिपण्यावर ठेवावा. सोडा हा मदतनीस. ॲल्युमिनियमच्या वस्तूंना सोडा लावू नये, त्या खराब होतात. आणि हे पाणी फरशीसाठी आहे, अंगासाठी नाही. अंगावर औषध उडाले तर कपडे लगेच काढून साबण आणि भरपूर पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे.

ब्लीचिंग पावडरबद्दल विशेष लिहावेसे वाटते, कारण अनेकांचा हात आधी तिच्याकडेच जातो. क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस यांसारख्या औषधांत फॉस्फरसला गंधक जोडलेले असते. क्लोरीनमुळे त्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन येतो आणि तयार होणारे ‘ऑक्सॉन’ मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असते. घट्ट औषधावर किंवा औषध प्यायलेल्या भुशावर कोरडी पावडर टाकली तर ती तापून आग लागू शकते. संडास धुण्याच्या ॲसिडशी तिची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. नेमके कोणते औषध सांडले हे ठाऊक नसताना ब्लीचिंगला हात न लावणेच बरे.

धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना तर पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो. अशा वेळी खोली सोडून बाहेर यावे आणि जाणकाराला बोलवावे.

काही पृष्ठभाग धुऊन साफ होतच नाहीत. शेणाने सारवलेली जमीन दोन-तीन इंच खरवडूनच काढावी लागते. गोणपाट, पुठ्ठा, चामडी चप्पल, कमरेचा पट्टा यांत मुरलेले औषध पुन्हा घामाबरोबर अंगात जाते. जीव तुटला तरी या वस्तू टाकाव्यात. ज्या भांड्यात औषध पडले, ते स्वयंपाकघरात परत नेऊ नये. फवारणी पंप थोड्या-थोड्या पाण्याने तीनदा विसळावा. नळी आणि नोझलमधूनही ते पाणी सोडावे आणि त्याच शेतात फवारून टाकावे. 2,4-डी हे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला, तर नळीत राहिलेल्या अंशानेही पाने आखडतात. रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे कीटकनाशक नियम, 1971 सांगतात. तरी त्यांत रॉकेल आणि पिण्याचे पाणी भरलेले आजही दिसते.

कृषी विभागाने संरक्षक किट वाटताना त्यासोबत दहा किलो चाळलेली माती, दोन किलो धुण्याचा सोडा, रबरी हातमोजे, ब्रश आणि जाड पिशव्या असलेली एक झाकणाची बादलीही द्यावी. परवाना देताना प्रत्येक कृषी सेवा केंद्रात ती दर्शनी जागी ठेवणे सक्तीचे करावे. सगळे सामान गावच्या दुकानात मिळते. आपल्या दैनिकाने फवारणीच्या दिवसांत ही माहिती चौकटीत छापावी, अशी विनंती आहे. चौकटीत एवढे जरूर असावे की दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्यावे. कोणते विष आहे हे कळल्याशिवाय डॉक्टरांना नेमका उतारा देता येत नाही.

— शेती रसायनांच्या सुरक्षित हाताळणीचे काम करणारे काही वाचक, यवतमाळ