वाईट बातमी आधी तुझ्याकडे यायला हवी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

मॅनेजर झालीस, फार आनंद झाला. फोनवर तू म्हणालीस, "आई, टीममधल्या सगळ्यांशी चांगले संबंध ठेवायचे आहेत." ठेव की. पण ते चांगले आहेत हे ओळखणार कशावरून? टीम तुझ्या विनोदांना हसते यावरून तर नाहीच. वरिष्ठांच्या विनोदाला सगळेच हसतात. काही बिघडलं तर ते तुला किती लवकर कळतं आणि कोणाच्या तोंडून कळतं, यावर लक्ष ठेव. ज्याच्या हातून बिघडलं तोच आपणहून सांगायला आला, तर तुझं बरं चाललंय असं समज.

एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास केला. जिथे टीम चांगली, तिथे औषध देण्यातल्या चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे नेमके उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त! उलगडा नंतर झाला: तिथल्या नर्सेस चुका लपवत नव्हत्या, बाकीच्या ठिकाणी त्या दाबल्या जात होत्या. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉर्डात इन्चार्ज म्हणून काम केलेल्या कोणालाही विचारलं असतं, तरी हेच उत्तर मिळालं असतं, पण आम्हाला कोण विचारतंय!

माझ्या वॉर्डातलीच गोष्ट सांगते. एकदा एका नव्या स्टाफ नर्सने एका पेशंटची गोळी दुसऱ्याला दिली. लक्षात येताच ती माझ्याकडे आली, चेहरा पांढराफटक. मी आधी विचारलं, "पेशंट कसा आहे?" मग डॉक्टरांना कळवलं, रीतसर नोंद केली. पेशंटला काही झालं नाही. "लक्ष कुठे होतं तुझं?" हे वाक्य ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं, कारण आजूबाजूच्या चारही जणी माझ्याकडेच बघत होत्या. नंतर शांतपणे पाहिलं तेव्हा कळलं, एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारशेजारच्या खाटांवर होते. त्या पोरीला झापलं असतं, तर खाटा तशाच राहिल्या असत्या. पुढच्याच आठवड्यात दुसरी एक नर्स आपणहून सांगायला आली की औषधांच्या कपाटात दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या जवळजवळ ठेवल्या आहेत. अजून काहीच घडलेलं नव्हतं, तरी सांगायला आली.

तेव्हा वाईट बातमी ऐकल्यावर तुझ्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काय दिसतं, त्याला फार किंमत आहे. याचा अर्थ सगळं चालवून घ्यायचं असा मात्र नाही. तीच चूक पुन्हा पुन्हा होत असेल तर स्पष्ट बोलायचं, पण एकट्याला बाजूला घेऊन, त्याच दिवशी, आणि नेमकं काय चुकलं तेवढंच. वर्षभर मनात साठवून अप्रेझलच्या वेळी बाहेर काढणारे साहेब मी पाहिलेत. त्यांच्यावर पुन्हा कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रत्येकाशी आठवड्यातून अर्धा तास एकट्याने बोल. कामाचा हिशेब घ्यायला नव्हे, तो मेलवर मिळतो. "तुझं काम कशात अडतंय?" एवढं विचार आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जड जाणार आहे, मला ठाऊक आहे. आणि ही भेट ऐनवेळी रद्द करत जाऊ नकोस. दोनदा केलीस की तिसऱ्यांदा तो माणूस खरं बोलणार नाही.

पार्ट्या, सहली, वाढदिवस जरूर कर, पण लोकांच्या मनात राहतो तो ड्युटीचा तक्ता. नाइट कोणाला जास्त लागल्या, सणाच्या दिवशी ऑफ कोणाला मिळाला, हे वॉर्डात सगळ्यांना तोंडपाठ असायचं. तुमच्याकडे नाइट नसतील, पण कंटाळवाणं काम कोणाकडे जातं आणि नाव होईल असं काम कोणाकडे, हे असणारच. रजा देता येत नसेल तर "बघू" म्हणून टांगून ठेवू नकोस. "नाही" म्हण, कारण सांग.

कालपर्यंत तुझी मैत्रीण असलेली आता तुझ्या हाताखाली आहे. तिला आत्ताच बाजूला घेऊन सांग की तिचं अप्रेझल आता तू लिहिणार आहेस. मैत्री थोडी अवघडेल, अवघडू दे. न बोलता राहिलीस तर बाकीचे तुमच्या प्रत्येक चहाचा अर्थ लावत बसतील.

आणि मीटिंगमध्ये तोंडच न उघडणारा तो मुलगा, ज्याच्याबद्दल तू सांगत होतीस, त्याच्याशी सगळ्यांत आधी बोल. तो काय म्हणाला ते मला कळव.

तुझी,
आई