'नंतर बघू' म्हणालेत, म्हणून हे पत्र

क्लिफ्टन, न्यू जर्सी
रविवार सकाळ

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "अगं आई, ते रेकॉर्डिंगवाले अगदी घरच्यासारखे आहेत, पैशांचं नंतर बघू म्हणालेत." तुम्हा चौघींच्या गाण्याचं रेकॉर्डिंग होणार म्हणून मला फार आनंद झाला. पण त्या 'नंतर बघू'ने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

पसेइक हायस्कूलजवळचा पॉलिसन अव्हेन्यू आठवतो ना? तिथून गाडी गेली की मागच्या सीटवरून तू 'शिरेल्स बुलेवार्ड' अशी पाटी मोठ्याने वाचायचीस. २००८ मध्ये रस्त्याच्या त्या तुकड्याला हे नाव दिलं. शिरेल्स म्हणजे चार मुलींचा गाण्याचा गट. शर्ली ओवेन्स, डॉरिस कोली, मिकी हॅरिस आणि बेव्हर्ली ली, चौघी याच शाळेतल्या. आठवड्याच्या वारांवर त्यांनी स्वतःच एक गाणं रचलं होतं, एकेकीने आळीपाळीने ओळ घ्यायची. वर्गातली मेरी जेन ग्रीनबर्ग मागेच लागली, माझ्या आईला ऐकवा म्हणून. या तिला चुकवत फिरायच्या. शेवटी तिच्या घरी, दिवाणखान्यात उभ्या राहून गायल्या, आणि १९५८ मध्ये ती रेकॉर्ड निघाली. मेरी जेनची आई, फ्लॉरेन्स ग्रीनबर्ग, तोवर घर सांभाळणारी बाई. पुढे डेक्का या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने मुलींना सोडून दिलं, तेव्हा तिनेच त्यांना परत घेतलं आणि 'सेप्टर' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी उभी केली. तिचे उपकार मी नाकारत नाही.

त्यांचं 'विल यू लव मी टुमॉरो' मी काल रात्री पुन्हा लावलं. शर्लीला ते आधी आवडलंच नव्हतं, आपल्या धाटणीचं नाही म्हणाली होती. स्टुडिओत व्हायोलिनं ऐकली आणि तिचं मत फिरलं. संगीत देणारी कॅरोल किंग तेव्हा अवघी अठरा वर्षांची, घरी तान्हं बाळ. वादकाचं वाजवणं मनासारखं होईना म्हणून मोठा टिंपनी नगारा तिने स्वतः वाजवला. हेडफोन लावून ऐक, तळाशी घुमतो तो. आणि त्यावर शर्लीचा तो साधा, जरासा कापरा आवाज, खरंच काहीतरी विचारणाऱ्या मुलीचा. १९६१ च्या जानेवारीत गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाचा हा पहिलाच मान. पुढच्या वर्षी 'सोल्जर बॉय'ही पहिलं आलं. बीटल्सनी पहिल्याच अल्बममध्ये यांची दोन गाणी घेतली.

आता पैशांचं. 'तुमचे पैसे ट्रस्टमध्ये ठेवलेत, एकविसाव्या वर्षी मिळतील,' असं कंपनीने सांगितलं होतं, असं या मुलींचं म्हणणं. वय झालं, विचारायला गेल्या, तर तसा ट्रस्टच नव्हता. कोर्टकचेरी झाली, कंपनीनेही उलट दावा लावला, १९६५ मध्ये तडजोड झाली. पण गाण्याची ऐन वर्षं त्यात गेली. फ्लॉरेन्स आमच्याशी आईसारखी वागायची आणि आम्ही भोळ्या मुली त्याला भुललो, असं शर्लीनेच पुढे सांगितलं. ईशा, हे वाचलं आणि मला तुझं 'घरच्यासारखे' आठवलं. मी रोज ऑफिसात लोकांचे पगार काढते. घरचं माणूस असो की बाहेरचं, आकडा आणि तारीख कागदावर नसेल तर मी पुढे सरकत नाही.

आणखी एक, मुख्य आवाज कुणाचा यावरून तुमच्यात कुरबुर चालली आहे म्हणून. शर्ली पुढे असायची, पण 'डेडिकेटेड टू द वन आय लव्ह' डॉरिसने गायलं आणि तेही तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. शर्ली-डॉरिस लग्नासाठी सुटीवर गेल्या तेव्हा त्यांच्या जागी डिऑन वॉरविक ही गायिका उभी राहायची. मिकी १९८२ मध्ये अटलांटात कार्यक्रमानंतर हृदयविकाराने गेली. नंतर उरलेल्या तिघींचे वेगवेगळे गट झाले आणि नाव मात्र एकच, शिरेल्स. ते नाव कायद्याने बेव्हर्लीकडे राहिलं, जी बहुतेक वेळ मागेच उभी राहून गायली. तुमच्या गटाचं नाव कुणाच्या नावावर असणार, हे विचारलंस का?

करार हातात आला की सही करण्याआधी सगळी पानं मला पाठव. बाकी तिघींच्या आयांनाही पाठवा. आणि फोटो सरळ काढ, मागे घरभाड्याच्या कराराची शेवटची ओळच कापली गेली होती.

तुझी,
आई