'ठाण्याला पाठवा' ही थट्टा आता पुरे

महोदय,

'याला ठाण्याला पाठवायला हवे' हे वाक्य महाराष्ट्रात कुठेही उच्चारले, तरी ऐकणारा हसतो. आमच्या शहरात १९०१ पासून असलेल्या मनोरुग्णालयामुळे चिकटलेली ही ओळख आम्ही ठाणेकरही हसून चालवून घेतो. गेल्या वर्षापर्यंत मीही त्यातलाच होतो.

धाकट्या भावाशी गावच्या घराच्या वाटणीवरून माझा बारा वर्षे अबोला होता. तो अचानक गेला. दहाव्याला मी घाटावर परक्यासारखा कडेला उभा होतो आणि पिंडाला कावळा शिवायला उशीर होऊ लागला, तेव्हा सगळे माझ्याकडेच पाहत आहेत असे मला वाटले. कदाचित कोणी पाहिलेही नसेल. त्यानंतर रोज पहाटे तीनला छातीत धडधडून जाग येऊ लागली. हृदयाच्या तपासण्या चांगल्या आल्या. 'तुमचे तर बोलणेच नव्हते, मग एवढे काय मनाला लावून घेता?' असे घरचेच विचारू लागले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

अखेर मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जायचे ठरवले, पण रिक्षावाल्याला 'मेंटल हॉस्पिटल' म्हणण्याची लाज वाटून एक चौक आधीच उतरलो. रांगेत माझ्यापुढे जेवणाचा डबा घेऊन आलेला एक कामगार आणि आईसोबत आलेली कॉलेजातली मुलगी होती. समुपदेशकांनी मला 'झाले गेले विसरा' असे सांगितले नाही; 'भावाचा राग अजून येतो का?' एवढेच विचारले. येत होता. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणून मी तो दाबून ठेवला होता आणि त्याच्याखाली माझे रडणेही अडकून पडले होते. पुढच्या काही आठवड्यांत झोप हळूहळू परतली. भावाशी मनोमन समेट झाला, असे मात्र मी म्हणणार नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा उपचारांचा आणि त्याबाबतच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तसेच शारीरिक आजाराच्याच धर्तीवर मानसिक आजारालाही विमा देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. तरीही लिफ्टवाला, प्लंबर, अग्निशमन दल यांचे क्रमांक असलेल्या सोसायट्यांच्या फलकांवर हा क्रमांक मला आढळला नाही. आपल्या वृत्तपत्राने तो उपयुक्त क्रमांकांच्या चौकटीत रोज छापावा आणि विनोदी सदरांतून ठाण्याची ती जुनी थट्टा हद्दपार करावी, अशी विनंती आहे.

आमच्या सोसायटीच्या फलकावर मी हा क्रमांक लावला होता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो कागद काढून टाकला. मी पुन्हा लावला आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा, ठाणे